हार्डडिस्क माझी, फायली ताईच्या नावावर! (सिस्टीम बदलल्यानंतरचा परमिशनचा घोळ)

कोरीपाटी | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, मदत हवी आहे. दोन टेराबाईटची एक्सटर्नल हार्डडिस्क आहे, गेली पाच-सहा वर्षं उबुंटू लिनक्सवरच वापरतोय. डेस्कटॉपवर २०.०४ होतं, मागच्या महिन्यात २४.०४ वर अपग्रेड झालं. तेव्हापासून डिस्क लावली की दिसते, फोल्डर उघडतात, फोटोही दिसतात, पण काही लिहायला गेलं की 'परमिशन डिनाइड'. नवीन फोल्डरचा पर्यायच फिका पडलेला. एका फोल्डरवर तर चक्क कुलूप दिसतंय.

केबल बदलली, पोर्ट बदललं. जुन्या लॅपटॉपला लावली तर तिथे सगळं सुरळीत, एक चाचणीची फाईलही लिहून पाहिली. म्हणजे डिस्क मेलेली नाही.

आता खरी गंमत. डेस्कटॉपवर एका फोटोची माहिती उघडून बघितली तर मालक म्हणून ताईचं नाव! २०१९ सालचा फोटो, मी काढलेला, माझ्या डिस्कवरचा. ताईचं खातं याच मशीनवर आहे आणि तिच्या खात्यातून डिस्कवर बिनदिक्कत लिहिता येतं. तिला विचारलं तर म्हणते, "मी कशाला हात लावू तुझ्या डबड्याला?" भांडण पेटायच्या आत कोणीतरी उत्तर सांगा.

झटपटगडी | शनिवार, रात्री १०:२५

टर्मिनल उघडा. सुडो सीएचमॉड, मग कॅपिटल आर, मग ७७७, मग डिस्कचा पत्ता. एंटर. म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने आतल्या सगळ्या फायलींवर सगळ्यांना पूर्ण मुभा. विषय संपला. मी दर वेळी हेच करतो.

मुळाशीजा | शनिवार, रात्री १०:४१

थांबा हो, ७७७ नका मारू. आधी दोन गोष्टी सांगा.

एक, डिस्कवर फाईलसिस्टीम (फायली साठवायची पद्धत) कोणती आहे? टर्मिनलमध्ये एलएसबीएलके ला 'एफ' लावून चालवा, समोरच लिहिलेलं असेल. एक्सफॅट किंवा फॅट३२ असेल तर त्यात मालक-परमिशन साठवायची सोयच नसते, माउंट करताना (डिस्क सिस्टीमला जोडताना) जे ठरेल ते. एनटीएफएस असेल तर वेगळी कहाणी. एक्स्ट४ असेल तर मला वास यायला लागलाय.

दोन, 'अपग्रेड झालं' म्हणजे नक्की काय झालं? खरं अपग्रेड खात्यांना हात लावत नाही. लोक कोरं इन्स्टॉल करतात आणि त्यालाही अपग्रेडच म्हणतात.

कोरीपाटी | शनिवार, रात्री ११:०५

उशीर झाला, तुमचा प्रतिसाद वाचायच्या आधीच ७७७ मारून बसलो. :( पण चाललं! लगेच कॅमेऱ्यातले दीडशे फोटोही टाकले डिस्कवर.

फाईलसिस्टीम एक्स्ट४ आहे. आणि हो, पकडलंत. जुनी एसएसडी काढून नवीन घातली होती, म्हणजे कोरंच इन्स्टॉल. ते ताईने केलं, मी घरी नव्हतो. तिने आधी स्वतःचं खातं उघडलं, मग मी आल्यावर माझं. पूर्वी माझं पहिलं होतं.

मुळाशीजा | शनिवार, रात्री ११:३०

झालं, इथेच तुमचं उत्तर आहे. ताई निर्दोष.

एक्स्ट४ डिस्कवर मालकाचं नाव कधीच लिहिलेलं नसतं. लिहिलेला असतो नुसता आकडा, यूआयडी. शाळेतल्या हजेरीपटासारखं समजा. उत्तरपत्रिकेवर फक्त रोल नंबर आहे आणि नाव कोणाचं हे त्या त्या वर्गाचा हजेरीपट ठरवतो. हा हजेरीपट म्हणजे मशीनवरची पासवर्ड नावाची फाईल. उबुंटूत पहिल्या खात्याला १००० मिळतो, दुसऱ्याला १००१. जुन्या मशीनवर १००० तुम्ही होतात, म्हणून डिस्कवर पाच वर्षं १००० लिहिलं गेलं. नव्या मशीनवर १००० ताई आहे. डिस्क तीच, आकडा तोच, हजेरीपट बदलला.

खात्री करायची तर टर्मिनलमध्ये आयडी एवढंच लिहा, तुमचा आकडा दिसेल. मग डिस्कवर जाऊन एलएस ला 'एल' आणि 'एन' हे दोन्ही लावा. 'एन' लावला की नावाऐवजी कच्चे आकडे दिसतात.

अवांतर : हे दुखणं जुनं आहे. फेडोरा पहिल्या खात्याला ५०० द्यायचं, २०११ साली १६व्या आवृत्तीत ते १००० झालं. तेव्हा कोरं इन्स्टॉल करणाऱ्यांच्या जुन्या डिस्का अशाच अचानक परक्या झाल्या होत्या. मॅकवर पहिलं खातं ५०१ असतं.

कोरीपाटी | शनिवार, रात्री ११:४४

आयडी म्हणतंय १००१. डिस्कवर उभ्या रांगेत १००० १०००, १००० १०००... आणि आत्ता टाकलेल्या दीडशे फोटोंपुढे १००१. दंडवत घ्या.

झटपटगडी | शनिवार, रात्री ११:५२

सिद्धांत भारी आहे, पण ७७७ ने चाललंच ना? मग अडचण काय? नाहीतर डिस्क एक्सफॅट करून टाका, मालकबिलक काही भानगडच नाही.

उलटीगणती | रविवार, सकाळी ७:१५

अडचण अशी की ७७७ ने दुखणं बरं होत नाही, फक्त ओरडणं बंद होतं. फायली अजून १०००च्याच आहेत. आणि कॅपिटल आर लावून मारल्यामुळे डिस्कवरची प्रत्येक फाईल आता 'चालवता येण्याजोगी' झाली, अगदी फोटोसुद्धा. त्यात एखादं गिट रेपो (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं फोल्डर) असेल तर त्याला प्रत्येक फाईल बदललेली वाटेल, १००६४४ (साधी) ची १००७५५ (चालवता येणारी) झाली म्हणून. एसएसएचच्या कीचा (दूरच्या सर्व्हरवर शिरायच्या गुप्त किल्लीचा) बॅकअप असेल तर तोही आता सगळ्या जगाला उघडा.

एक्सफॅटसाठी आख्खी डिस्क फॉरमॅट करावी लागेल, हे सांगायचं राहिलं बहुतेक. शिवाय त्यात जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) नाही. केबल मध्येच निसटली तर एक्स्ट४ जसं सावरतं तसं ते सावरत नाही. सिमलिंकही (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारे दुवे) टिकत नाहीत. चार वेगवेगळ्या सिस्टीमवर फिरणाऱ्या पेनड्राइव्हला एक्सफॅट उत्तम, बॅकअपच्या डिस्कला मी देणार नाही.

कोरीपाटी | रविवार, सकाळी ९:४०

तुमच्या तोंडात साखर पडो म्हणू की काय म्हणू! सकाळी डिस्क जुन्या लॅपटॉपला लावली आणि त्यातल्या कीने सर्व्हरवर जायला गेलो. चौकटीत मोठ्ठा इशारा, 'अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाईल', आणि एसएसएचने ती की वापरायलाच नकार दिला. काल डेस्कटॉपवर हीच की मुकाट चालली होती, हे कसं काय?

गिटचंही तसंच, पण उलटं. डेस्कटॉपवर म्हणतं 'डिटेक्टेड ड्यूबियस ओनरशिप', लॅपटॉपवर काही बोलत नाही, फक्त सगळ्या फायली बदलल्यात म्हणतं.

उलटीगणती | रविवार, सकाळी १०:०२

कारण एसएसएच ही तपासणी की तुमच्या स्वतःच्या मालकीची असेल तेव्हाच करतं. लॅपटॉपवर तुम्ही १०००, की १०००ची, म्हणून ओरडलं. डेस्कटॉपवर की 'ताईची' होती, म्हणून ते त्या फंदातच पडलं नाही. गिटचं बरोबर उलटं : २०२२ पासून दुसऱ्याच्या मालकीच्या रेपोत काम करायला ते नाही म्हणतं. दोन्ही तक्रारींच्या मुळाशी तोच आकडा.

तिसरीखिडकी | रविवार, सकाळी ११:२०

विंडोजवाल्यांसाठी थोडं. आमच्याकडे आकड्याऐवजी एसआयडी असतो, एस-१-५-२१ ने सुरू होणारं लांबलचक शेपूट. कोरं इन्स्टॉल केलं की त्याच नावाने खातं उघडलं तरी एसआयडी नवा. मग एनटीएफएस डिस्कच्या फोल्डरवर सिक्युरिटीच्या टॅबमध्ये 'अकाउंट अननोन' आणि पुढे ते शेपूट दिसतं. तो म्हणजे जुने तुम्हीच. टेकओन ने मालकी घ्यायची आणि आयकॅकल्स ने परमिशन नीट करायच्या, पण फक्त त्या डिस्कच्या फोल्डरवर. हे सी ड्राइव्हवर करणाऱ्यांना मी भेटलोय, नंतर त्यांनी पुन्हा इन्स्टॉल केलं. आणि फायली ईएफएसने एन्क्रिप्ट केलेल्या असतील तर मालकी घेऊनही उघडणार नाहीत, जुन्या खात्याचं सर्टिफिकेटच लागतं. फॉरमॅट करायच्या आधी ते बाहेर काढून ठेवा.

दुसरं, विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय. त्यात बंद केलेलं मशीन खरं म्हणजे अर्धवट झोपलेलं असतं. डिस्क लावलेली असताना तसं बंद केलं आणि मग ती लिनक्सला लावली तर एनटीएफएस 'अस्वच्छ' दिसतं आणि नुसतं वाचण्यापुरतं माउंट होतं. लिनक्सच्या कर्नल ५.१५ मध्ये आलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर तर अशी डिस्क माउंटच करत नाही, 'राँग एफएस टाइप' असं काहीतरी भलतंच सांगतो. लोकांना वाटतं परमिशन गेली. परमिशनचा काही संबंध नसतो. विंडोजमध्ये परत लावा, डिस्क तपासा, नीट इजेक्ट करा.

चावलेलंसफरचंद | रविवार, दुपारी १२:०५

मॅकवर अजून तिसरीच तऱ्हा. कॅटालिनापासून, म्हणजे २०१९ पासून, बाहेरच्या डिस्कला हात लावायला प्रत्येक ॲपला वेगळी परवानगी लागते. अपग्रेडनंतर ती विचारणा आली आणि मी घाईत नको म्हटलं. मग टर्मिनलमध्ये सुडो लावूनही 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. रूट (सर्वाधिकारी खातं) असूनही नाही! अर्धा दिवस सीएचओन (मालक बदलणं), सीएचमॉड (परमिशन बदलणं) करत बसलो. शेवटी सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली फाईल्स अँड फोल्डर्समध्ये रिमूव्हेबल व्हॉल्यूम्स नावाचं बटण बंद होतं. एवढंच. तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही, पण शोधत शोधत इथे येणाऱ्यांसाठी टाकून ठेवतो.

मुळाशीजा | रविवार, दुपारी १:३०

मूळ धाग्यावर येऊ. कोरीपाटी, तुमच्यापुढे दोन रस्ते. डिस्कवरचे आकडे बदलायचे (१००० चे १००१) किंवा मशीनवरचे (तुम्ही १००० व्हायचं, ताई १००१). डिस्क फक्त या डेस्कटॉपला लागत असती तर मी पहिला सांगितला असता, एका सीएचओनचं काम. पण जुना लॅपटॉप तुम्ही अजून वापरताय आणि तिथे तुम्ही १०००च आहात. डिस्क बदललीत तर रड तिकडे सुरू होईल. म्हणून मशीन बदला.

एकच विचारतो, या महिन्याभरात ताईने डिस्कवर काही ठेवलंय का?

कोरीपाटी | रविवार, दुपारी २:१०

विचारलं. आधी नाही नाही, मग म्हणाली, "थोडे फोटो टाकले होते, जागा होती म्हणून." डबड्याला हात लावत नाही म्हणणारी हीच. काही तिच्या वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, पण बरेचसे आमच्या सामाईक फोटोंच्या फोल्डरांमध्ये मिसळलेत. म्हणजे डिस्कवर १००० आकड्याखाली माझ्या जुन्या फायली आणि तिच्या नव्या फायली, दोन्ही?

मुळाशीजा | रविवार, दुपारी २:२५

हो. दोन माणसं, एक रोल नंबर. आता त्या वेगळ्या कशा काढायच्या हाच खरा प्रश्न. मजकूर शेवटचा बदलल्याची तारीख, एमटाइम, इथे कामाची नाही. कॉपी करताना बऱ्याचदा जुनीच तारीख सोबत येते. सीटाइम बघा, म्हणजे फाईलमध्ये किंवा तिच्या मालक-परमिशनच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ. तो कॉपीच्या वेळी नव्याने पडतो आणि मागे ढकलता येत नाही. इन्स्टॉलच्या दिवसानंतरचा सीटाइम म्हणजे ताई.

उलटीगणती | रविवार, दुपारी २:३१

मुळाशीजा, एक विसरताय. काल रात्री ७७७ मारलंय. सीएचमॉडने सीटाइम बदलतो. आख्ख्या डिस्कचा सीटाइम आता शनिवार रात्र पावणेअकरा.

मुळाशीजा | रविवार, दुपारी २:३४

हात्तिच्या!

झटपटगडी | रविवार, दुपारी २:५०

माझ्याकडे बघू नका. :)

उलटीगणती | रविवार, दुपारी ३:२०

पुरावा पुसला गेला, पण एक साक्षीदार उरलाय. एक्स्ट४ प्रत्येक फाईलची जन्मवेळही ठेवतं आणि ती सीएचमॉडने, सीएचओनने, नाव बदलल्याने किंवा त्याच डिस्कवर इकडून तिकडे हलवल्याने बदलत नाही. कुठल्याही एका फोटोवर स्टॅट चालवा, शेवटच्या ओळीत 'बर्थ' दिसेल. हे डेस्कटॉपवरच करा. लॅपटॉपवर २०.०४ असेल तर तिथलं स्टॅट जुनं आहे, बर्थपुढे नुसती आडवी रेघ दाखवेल.

आख्ख्या डिस्कची यादी हवी तर फाइंडमधून स्टॅटला 'टक्का कॅपिटल डब्ल्यू' आणि नाव छापायला सांगा. तो सेकंदांचा लांब आकडा येईल, क्रमाने लावला की इन्स्टॉलच्या दिवसाच्या खालचं सगळं वेगळं पडेल. पण यादी डोळ्याखालून घाला, आंधळेपणाने चालवू नका. काही एडिटर सेव्ह करताना नवी फाईल लिहून जुनीच्या जागी बसवतात, तिची जन्मवेळ ताजी दिसते.

कोरीपाटी | रविवार, संध्याकाळी ६:४५

अक्षरशः जादू. इन्स्टॉलनंतर जन्मलेल्या आणि १०००च्या नावावर असलेल्या ३१२ फायली निघाल्या. ताईला शेजारी बसवून बघितल्या. ३१० तिच्या. उरलेल्या दोनपैकी एक माझी लॅपटॉपवरची चाचणीची फाईल आणि दुसरी माझी हिशेबाची, जी मी लॅपटॉपवर मागच्या आठवड्यात सेव्ह केली होती. म्हणजे तो एडिटरवाला इशारा वाया गेला नाही. त्या दोन वगळून यादी केली आहे.

आता ताईच्या ३१० सरळ १००१ करू?

उलटीगणती | रविवार, संध्याकाळी ६:५८

नको! काल रात्री टाकलेले तुमचे दीडशे फोटो १००१ वर बसलेत. परत भेसळ होईल. दोन पेल्यांतलं पाणी अदलाबदल करायचं तर तिसरा पेला लागतो. आधी ताईच्या यादीला २००० हा रिकामा आकडा द्या. मग सीएचओनला 'फ्रॉम १००१' असं सांगून फक्त १००१ वाल्या फायली १००० करा. शेवटी 'फ्रॉम २०००' सांगून त्या १००१ करा. हे 'फ्रॉम' लावायची सवयच ठेवा. त्याने बाकीच्यांच्या फायलींना धक्का लागत नाही. आणि मालकासोबत ग्रुपचाही (फाईलवर लिहिलेल्या गटाचा) आकडा द्यायचा, तो लोक विसरतात.

मुळाशीजा | रविवार, संध्याकाळी ७:२०

खात्यांनाही तोच तिसरा पेला. लॉगिन असलेल्या माणसाचा आकडा यूझरमॉड बदलू देत नाही, म्हणून सुडोचा अधिकार असलेलं एक तात्पुरतं खातं काढा, मशीन रीस्टार्ट करा आणि फक्त त्यातूनच आत या. मग यूझरमॉडला 'यू' लावून ताई २०००, तुम्ही १०००, ताई १००१. ग्रुपमॉडने ग्रुपचंही तसंच, त्याच क्रमाने. होम फोल्डरमधल्या फायलींची मालकी यूझरमॉड स्वतः बदलतं, पण त्यांचा ग्रुप ग्रुपमॉड बदलत नाही, तो हाताने करावा लागेल. होमच्या बाहेर तुमचं काही असेल तर तेही हाताने. आणि हे सगळं करायच्या आधी महत्त्वाच्या फायलींची एक प्रत दुसरीकडे, हे सांगायला नको.

७७७ मागे घ्यायला फाइंडने फोल्डर ७५५ आणि फायली ६४४ करा (लिहिणार फक्त मालक, वाचणार सगळे). एसएसएचची की ६०० आणि तिचं फोल्डर ७०० (फक्त मालकाला). स्क्रिप्ट असतील त्यांना चालवायची परवानगी परत एकेक करून द्यावी लागेल, आधी कोणाकोणाला होती हे आता डिस्कलाही आठवत नाही. गिटच्या रेपोत मात्र ते गिटला आठवतं.

कोरीपाटी | सोमवार, रात्री ९:३०

झालं! क्रमाने सगळं केलं, दोनदा वाचून एकदा एंटर. डेस्कटॉपवर आता मी १०००, डिस्क लिहू देते, गिट गप्प, लॅपटॉपवर की चालते. ताईच्या फायली ताईच्या नावावर. रूटच्या लॉस्ट-फाउंड फोल्डरवर पूर्वी कुलूप होतं ना, ते ७७७ मुळे उघडं पडलं होतं. त्याला परत ७०० दिलं, कुलूप परत आलं.

एकच राहिलंय. व्हिडिओ प्लेयरला ही डिस्क दिसतच नाही. फाईल मॅनेजरमध्ये दिसते, प्लेयरमध्ये रिकामं.

मुळाशीजा | सोमवार, रात्री ९:४२

प्लेयर स्नॅप (उबुंटूचं बंदिस्त ॲप-पॅकेज) आहे का? स्नॅपवाली बरीच ॲप बाहेरच्या डिस्कपासून मुद्दाम लांब ठेवलेली असतात, फाईलची परमिशन काहीही असो. स्नॅप कनेक्ट, मग ॲपचं नाव, कोलन, रिमूव्हेबल-मीडिया. किंवा सेटिंगमध्ये ॲप्सखाली त्या ॲपच्या परवानग्यांत बटण असतं.

कोरीपाटी | सोमवार, रात्री ९:५५

दिसली. आभार सगळ्यांचे, झटपटगडींचेसुद्धा. ७७७ नसतं तर जन्मवेळ हे प्रकरण मला कळलंच नसतं.

झटपटगडी | सोमवार, रात्री १०:०३

म्हणूनच सांगितलं होतं. :) ते जाऊ द्या, ताईला सॉरी म्हणालात का?

कोरीपाटी | सोमवार, रात्री १०:२०

म्हणालो. ती लॉगिनच्या पडद्याकडे बोट दाखवून विचारतेय, "आणि हा 'मधला' कोण?" तात्पुरतं खातं काढायचं राहिलंय. सुडोसकट.